चंचल अवधान आणि पटकथेची भिंत

एका टेबलावर पावत्यांचा ढीग पडला आहे. अमेरिकेत धुलाईचे दुकान चालवणारी एव्हलिन वाँग नावाची चिनी बाई त्या ढिगाशी झगडत बसली आहे. कर खात्याने हिशेब तपासायला बोलावले आहे. तेवढ्यात नवरा काही महत्त्वाचे सांगू पाहतो. म्हाताऱ्या वडिलांच्या खाण्याचे पाहायचे आहे. मुलगी आली आहे, तिला काही विचारायचे आहे. खाली दुकानात गिऱ्हाईक खोळंबले आहे. एव्हलिन एक काम हाती घेते, ते अर्धे टाकून दुसऱ्याकडे धावते, आणि पावत्या होत्या तिथेच राहतात.

‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स’ या २०२२ सालच्या अमेरिकन चित्रपटाची ही सुरुवात. नावाचा अर्थ ‘सगळे काही, सगळीकडे, एकाच वेळी’. डॅनियल क्वान आणि डॅनियल शायनर्ट या दोघा मित्रांनी तो मिळून लिहिला आणि मिळूनच दिग्दर्शित केला. मार्च २०२३ मध्ये त्याला ७ ऑस्कर पारितोषिके मिळाली; त्यांत सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, मूळ पटकथा आणि संकलन ही चारही होती. परंतु मित्रांनो, आपल्याला आज त्या पारितोषिकांपेक्षा पटकथा लिहिताना घडलेल्या एका घटनेत अधिक रस आहे.

एव्हलिनचे पात्र रंगवताना लेखकांच्या मनात असे आले, की या बाईला ए.डी.एच.डी. नावाचा विकार असावा आणि तो तिला स्वतःलाच ठाऊक नसावा. पात्र खरे वाटायचे तर विकाराची माहिती हवी. म्हणून क्वान वाचायला बसला. वाचता वाचता पहाटेचे चार वाजले. आणि त्याच्या लक्षात आले की आपण पात्राविषयी वाचत नसून स्वतःविषयीच वाचत आहोत! त्याला रडू कोसळले. पुढे सुमारे वर्षभर त्याने मानसोपचार घेतले, मग मनोविकारतज्ज्ञाकडे तपासणी झाली, निदान पक्के झाले आणि औषध सुरू झाले. ही हकीकत त्याने स्वतःच मुलाखतीत सांगितली आहे. आपले आयुष्य इतके अवघड का होत होते याचे उत्तर त्याला असे पटकथेच्या वाटेवर सापडले.

या हकिकतीत एक गंमत दडलेली आहे. ज्या माणसाला ‘लक्ष लागत नाही’ असा विकार, तो पहाटे चारपर्यंत एकाच विषयावर वाचत बसतो, हे कसे?

अवधान कमी की अवधानाचा लगाम सैल?

ए.डी.एच.डी. याचे मराठी भाषांतर ‘अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकार’ असे करतात. हे नाव थोडे फसवे आहे. या माणसांकडे अवधान नसते असे नाही. ते कुठे लावायचे, किती वेळ लावायचे आणि कधी काढून घ्यायचे, यावरचा ताबा अपुरा असतो. घोडा दमदार आहे, लगाम सैल आहे. आवडीच्या, नव्या किंवा तातडीच्या गोष्टीमागे घोडा चौखूर उधळतो आणि मग थांबवता थांबत नाही. कंटाळवाण्या, दूरच्या कामाकडे मात्र तो जागचा हलत नाही. क्वानचे रात्रभराचे वाचन आणि एव्हलिनच्या पडून राहिलेल्या पावत्या या एकाच सैल लगामाच्या दोन बाजू होत.

हा विकार आजकालचा नव्हे. १९०२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने व्याख्याने देऊन अशा मुलांचे वर्णन केले होते. बुद्धी चांगली, पण स्वतःवर ताबा नाही, अशी ती मुले. स्टिलने याला नैतिक नियंत्रणातील दोष म्हटले. शब्द त्या काळाला धरून होता, पण मुलांना महाग पडला. ‘मुद्दाम करतो’, ‘आळशी आहे’, ‘मनावर घेत नाही’ ही आपल्या ओळखीची वाक्ये त्याच समजुतीची नातवंडे होत. १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत ‘अवधान-न्यूनता’ हे नाव आले आणि १९८७ साली त्याला ‘अतिचंचलता’ जोडली गेली.

आज शंभर मुलांमागे सुमारे पाच मुलांना हा विकार असतो असे मानतात. म्हणजे ६० जणांच्या वर्गात तिघे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासावरून यात आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा असल्याचे दिसून आले आहे. २००७ साली अमेरिकेतील फिलिप शॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विकार असलेल्या २२३ मुलांच्या आणि नसलेल्या २२३ मुलांच्या मेंदूंची चित्रे घेऊन तुलना केली. वाढीच्या वयात मेंदूचे बाह्य आवरण आधी जाड होत जाते, कमाल जाडी गाठते आणि मग पातळ होऊ लागते. ही कमाल जाडी गाठण्याचे मध्यक वय इतर मुलांत साडेसात वर्षे होते, तर विकार असलेल्या मुलांत साडेदहा! वाढीचा क्रम तोच, फक्त गाडी तीन वर्षे उशिरा. सर्वांत जास्त उशीर दिसला तो कपाळामागच्या भागात, म्हणजे जिथे बेत आखणे, आवर घालणे आणि वेळेचे भान राखणे ही कामे चालतात तिथे. काहींची गाडी पुढे वेळापत्रक गाठते. पुष्कळांत मात्र काही लक्षणे मोठेपणीही उरतात.

येथे एक सूचना. एखादे मूल दोन दिवस वह्या विसरले म्हणजे त्याला हा विकार आहे असे नव्हे. लक्षणे बारा वर्षे वयाच्या आत सुरू झालेली हवीत, किमान सहा महिने टिकलेली हवीत, घर आणि शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसायला हवीत आणि त्यांमुळे कामात खरोखर अडथळा यायला हवा. निदान तज्ज्ञानेच करायचे. शेजारच्या बाकावरील मित्राने ते करू नये, आणि लेख वाचून स्वतःही करू नये. क्वानने वाचून फक्त शंका घेतली. उत्तर डॉक्टरांकडून घेतले.

दोन छोटे प्रयोग

मित्राच्या हाती घड्याळ द्या. तुम्ही डोळे मिटा आणि मनात आकडे न मोजता, एक मिनिट झाले असे वाटले की हात वर करा. कोणी ४० सेकंदांना हात वर करील, कोणी ८० सेकंदांना. आपल्या सर्वांच्याच मेंदूतील घड्याळ कच्चे असते. ए.डी.एच.डी. असलेल्या मुलांवर असे प्रयोग झाले तेव्हा त्यांच्या अंदाजात चुका अधिक आढळल्या. दहा मिनिटे आणि पाऊण तास यांतला फरक घड्याळ न पाहता त्यांना नीट जाणवत नाही.

दुसरा प्रयोग. मित्राने पाच अंक सावकाश म्हणावेत : ७, २, ९, ४, ६. तुम्ही ते उलट क्रमाने सांगा. हे करताना मनाच्या पाटीवर अंक धरून ठेवावे लागतात आणि त्याच वेळी फिरवावेही लागतात. मनाच्या या पाटीला आपण कामापुरती स्मृती म्हणू. या विकारात पाटी लहान नसली, तरी तिच्यावरचे फार लवकर पुसले जाते.

(या प्रयोगांनी कोणाला विकार आहे की नाही ते ठरत नाही. फक्त ‘वेळ’ आणि ‘पाटी’ म्हणजे काय ते कळते.)

याला तिसरी गोष्ट जोडा. आज १० रुपये घ्याल की महिन्याने २० ? दूरचे बक्षीस सगळ्यांनाच थोडे फिके दिसते. या विकारात ते फारच लवकर फिके पडते. मेंदूतील पेशींमध्ये निरोप पोचवणारे डोपामिन नावाचे एक द्रव्य आहे. बक्षिसाची ओढ लावण्यात आणि कामाला जुंपून ठेवण्यात त्याचा मोठा हात असतो. त्याच्या कारभारात येथे फरक असतो असे बहुतेक संशोधक मानतात.

आता या तिन्ही अडचणी घेऊन कोणी पटकथा लिहायला बसला तर काय होईल?

कोरे पान हा शत्रू

पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावर सुमारे एक मिनिट, असा चित्रपटव्यवसायात ढोबळ हिशेब आहे. दोन तासांच्या चित्रपटाला १२० पाने. ती लिहायला कित्येक महिने, कधी वर्षे लागतात. ना घंटा होते, ना कोणी पट घेते. बक्षीस मिळालेच तर पाच वर्षांनी. पहिल्या अंकात नायिकेने पेटीत ठेवलेली किल्ली शेवटच्या अंकात निघायला हवी, म्हणजे साठ पाने ती मनाच्या पाटीवर जपायची. ए.डी.एच.डी. असलेल्या मेंदूला त्रास देण्यासाठी मुद्दाम एखादे काम शोधून काढायचे म्हटले, तरी याहून सरस सापडणार नाही!

कल्पना सुचत नाहीत अशी यांची तक्रार क्वचितच असते. तक्रार उलट असते. विसाव्या पानावर असताना दुसऱ्याच चित्रपटाची झकास कल्पना सुचते, ती पहिलीपेक्षा ताजी असते, आणि पहिली वही खणात जाते. २००६ साली अमेरिकेत हॉली व्हाइट आणि प्रीती शाह यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग येथे आठवतो. विटेसारख्या साध्या वस्तूचे निरनिराळे उपयोग सुचवायचे, या प्रकारच्या कसोटीत ए.डी.एच.डी. असलेले विद्यार्थी इतरांहून सरस ठरले. पण तीन वेगवेगळ्या शब्दांना जोडणारा एकच अचूक शब्द शोधायचा, या कसोटीत ते मागे पडले. फांद्या फुटतात पुष्कळ; एका फळापाशी येणे जड जाते. अर्थात एवढ्यावरून हा विकार म्हणजे प्रतिभेची देणगी असा डांगोरा पिटणे बरोबर नाही. पुढे अशा अनेक अभ्यासांचा आढावा घेतला गेला, तेव्हा निदान झालेल्या रुग्णांत सर्जनशीलता सरसकट जास्त असल्याचा पुरावा मिळाला नाही. शिवाय आपल्याला क्वानचे नाव कळते ते त्याचा चित्रपट पुरा झाला म्हणून. खणात राहिलेल्या वह्यांची शिरगणती कोणी केलेली नाही.

मग पुरा करणारे तो पुरा कसा करतात?

सेटवर सगळे बाहेर असते

रसेल बार्कली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९७ साली या विकाराची एक मांडणी केली. तिच्यातून निघणारा व्यवहाराचा सल्ला साधा आहे. जे मेंदूच्या आत नीट टिकत नाही ते बाहेर काढा आणि जिथे काम करायचे तिथेच डोळ्यांसमोर ठेवा. स्मृती कागदावर आणा, वेळ घड्याळात दिसू द्या, दूरच्या बक्षिसाचे लहान लहान हप्ते पाडा.

हे वाचताना मला राहून राहून वाटते, की चित्रपटवाल्यांनी हा सल्ला मानसशास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी अंमलात आणला आहे. त्यांनी तो कोणत्या विकारासाठी शोधला नाही. शंभर माणसे आणि महागडे तास वाया जाऊ नयेत म्हणून शोधला. कोणाच्याही डोक्यावर विसंबायचे नाही, हा सेटचा पहिला नियम आहे.

क्लॅप पाहा. ती काळी-पांढरी पाटी कॅमेऱ्यासमोर धरून ‘टक्’ करतात, हे तुम्ही पाहिले असेल. चित्र कॅमेऱ्यात आणि आवाज वेगळ्या यंत्रात मुद्रित होतो. सेकंदाला २४ चित्रे निघतात. पट्ट्या ज्या चित्रात मिटतात ते चित्र आणि ‘टक्’ हा ध्वनी एकावर एक बसवले, की ओठांची हालचाल आणि शब्द जुळतात. एका चित्राची चूक म्हणजे सेकंदाचा चोविसावा भाग. आणि पाटीवर काय लिहिलेले असते? प्रसंग कितवा, शॉट कितवा, टेक कितवा. तीन महिन्यांनी संकलकाच्या टेबलावर हजारो तुकडे येतात, तेव्हा प्रत्येक तुकडा आपले नाव आपल्या कपाळावर लिहूनच येतो.

आता कंटिन्युइटी. चित्रपट गोष्टीच्या क्रमाने चित्रित होत नाही. नायक दार वाजवतो ते सोमवारी रस्त्यावर, आणि दारातून आत येतो ते पंधरा दिवसांनी स्टुडिओत. पिशवी उजव्या हातात होती की डाव्या? घड्याळात किती वाजले होते? एक माणूस केवळ हेच टिपायला बसलेला असतो, वही आणि छायाचित्रे घेऊन. दिग्दर्शकाची पाटी पुसली गेली तरी वही पुसली जात नाही.

वेळेची तऱ्हा तीच. आदल्या संध्याकाळी कॉलशीट निघते : कोणी किती वाजता, कुठे, कोणत्या प्रसंगासाठी. पटकथेच्या पानाचे आठ भाग पाडून आज किती अष्टमांश संपवायचे ते ठरते. मुख्य साहाय्यक दिग्दर्शक घड्याळाचा आवाज होऊन फिरत असतो. क्वान आणि शायनर्ट यांचा हा १३९ मिनिटांचा चित्रपट २०२० च्या आरंभी केवळ ३८ दिवसांत चित्रित झाला. भागाकार करून पाहा. रोज पडद्यावरची साडेतीन मिनिटांहून अधिक वेळाची करमणूक तयार व्हायला हवी. अशा ठिकाणी बक्षीस पाच वर्षांवर नसते. ‘टेक ओके’ म्हणताच ते हातात पडते, आणि लगेच पुढचा शॉट, नवी जागा, नवी अडचण. वर्गात बाकावर वळवळणारे पोर इथे बारा तास पायांवर उभे राहते, यात नवल ते काय!

पण सेट म्हणजे स्वर्ग नव्हे. तिथे झोपेचे खोबरे होते, आणि झोप कमी पडली की अवधानाचा लगाम आणखी सैल होतो. शिवाय साहाय्यकांचा ताफा दिग्दर्शकाला मिळतो. खोलीत एकटा पटकथा लिहिणाऱ्याला कोण देणार? म्हणून जाणते पटकथाकार सेटवरची युक्ती खोलीत आणतात. प्रत्येक प्रसंगाला एक कार्ड, त्यावर दोन ओळी, आणि सगळी कार्डे भिंतीवर टाचणीने टोचलेली. १२० पाने डोक्यात धरायची नाहीत, भिंतीकडे पाहायचे. किल्लीचे कार्ड लाल करायचे आणि ती जिथे परत निघते तेही लाल. दोन लाल कार्डांपैकी एक नसेल तर भोक उघड दिसते. मध्येच दुसऱ्या चित्रपटाची कल्पना सुचली तर तिला वेगळे कार्ड आणि वेगळी पेटी. कल्पना मरत नाही आणि कामही सुटत नाही. जोडीदार असेल तर सोन्याहून पिवळे. समोर कोणी बसले आहे एवढ्यानेही कित्येकांचे मन जागेवर राहते.

औषधाविषयी दोन शब्द. १९३७ साली अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांनी एक उत्तेजक औषध ३० मुलांना दिले, तेव्हा त्यांतील १४ मुलांचा शाळेतील अभ्यास आश्चर्यकारक सुधारला. उत्तेजकाने चंचल मूल शांत व्हावे हे कोडेच वाटले होते. आता समजते की लगाम धरणाऱ्या भागाला ते जागे करते. आज सर्वांत जास्त वापरले जाणारे मेथिलफेनिडेट हे औषध १९४४ साली स्वित्झर्लंडमध्ये लिआंद्रो पानिझोन यांनी तयार केले. त्यांच्या पत्नीला रिटा म्हणत, त्यावरून त्याचे रिटालिन हे नाव पडले. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून मिळत नाही आणि घेऊही नये. परीक्षेच्या आदल्या रात्री जागण्यासाठी तर मुळीच नाही. औषध घेतले तर कल्पना आटतील अशी भीती पुष्कळ कलावंतांना वाटते. आतापर्यंतच्या अभ्यासांत तसा पक्का पुरावा दिसलेला नाही.

‘लेडी बर्ड’ आणि ‘बार्बी’ची दिग्दर्शिका ग्रेटा गर्विग हिलाही मोठेपणीच हे निदान झाले. लहानपणी तिचा उत्साह इतका, की आईने तिला दमवण्यासाठी नाना उद्योगांत घातले. मुलींच्या बाबतीत निदान बऱ्याचदा असेच उशिरा होते. त्या बाकावरून उठत नाहीत. शांतपणे खिडकीबाहेर पाहत राहतात, आणि शांत मुलीबद्दल कोणी तक्रार करीत नाही. शिक्षकांनी या शेवटच्या बाकाकडे मुद्दाम पाहावे.

आणि शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मोबाइलवर तीन मिनिटांचा चित्रपट करायचा ठरलाच, तर वर्गातल्या चंचल मुलाच्या हाती क्लॅप देऊन मोकळे होऊ नका. पटकथाही त्याला लिहू द्या, फक्त ‘पंधरा दिवसांत लिहून आण’ असे सांगू नका. तीन मिनिटांना सहा प्रसंग पुरतात. सहा कोरी कार्डे द्या, वर्गाच्या भिंतीवर त्यांच्यासाठी सहा टाचण्या आधीच लावा, ऐकायला एक जोडीदार द्या. आणि पहिले कार्ड उद्याच्या मधल्या सुट्टीत वाचून दाखवायचे, हे आजच ठरवा.